नगरचा किल्ला आणि आमची म्हैस

आमच्या घरात नगर हे गाव फक्त पत्रावरच्या शिक्क्यात होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेत रणगाडा चालवायचे आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी नगरला काढली. आई काटेवाडीतच राहिली. तिला वाचता येत नव्हतं. महिन्याला एक पत्र यायचं, ते शाळेतले गुरुजी ओट्यावर बसून चारचौघांत वाचून दाखवायचे आणि त्यात ठरलेली ओळ असायची, मी येथे खुशाल आहे, काळजी नसावी. त्या एका ओळीवर आईने माझ्या वेळचं बाळंतपणसुद्धा निभावलं.

पुढे आण्णा रिटायर होऊन एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वॉचमन झाले. मी बारामतीला कॉलेजात होते तेव्हा कळलं, की नगरला जुन्या रणगाड्यांचं संग्रहालय उघडलंय आणि तिथला भुईकोट किल्ला लष्कराकडे असला तरी फाटकावर नावं लिहून दिली की आत सोडतात. मी घरी येऊन सांगितलं. आण्णांनी त्याच संध्याकाळी माझ्या वहीचा मधला कागद फाडला, तोही न विचारता.

त्यांचं नियोजन म्हणजे लढाईवरच निघाल्यासारखं. आमच्या बुद्धविहारातल्या लोकांनी मिळून जीप ठरवली होती, पण हुकूम सगळे आण्णांचे. पहाटे पाचला फॉलीन, म्हणजे सगळे रांगेत हजर. प्रत्येकाजवळ भाकरी-चटणी आणि पाण्याची बाटली. दौंडला थांबायचं ते दहा मिनिटं, आणि चहासाठी नाही. शेवटी फाटकावर द्यायची नावांची यादी. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं, मग बाकीचे. आईचं नाव कुठेच नव्हतं.

मी तडकलेच. "आईचं नाव कुठं हाय?"

"सांजची म्हस कोण काढनार?" आण्णांनी विचारलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

म्हशीचं रेडकू दगावल्यापासून ती फक्त आईच्या हाताला पान्हा सोडायची. दुसरं कुणी कासेशी बसलं की लाथ. आणि एक वेळची धार राहिली तर कास तटते, म्हैस दुखण्याला लागते. त्यामुळे गेल्या सहा महिन्यांत आई संध्याकाळची कधी गावाबाहेर राहिली नव्हती.

"तुमी जावा. मी काय बघायचं तितं?" आई म्हणाली. पण तिचं ठेवणीतलं लुगडं दोन दिवसांपासून दोरीवर वाऱ्याला टाकलेलं होतं. आण्णांना ते दिसलं नाही याचाच मला जास्त राग आला.

"ती पत्रं जितनं यायची ती जागा बघायचीय तिला," मी म्हणाले. आण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंदापूरच्या आत्याला बोलावून घेतलं. आत्या ठसक्यात आली. "माझा जल्म म्हशीत गेला, वयनी," म्हणत तिने आईचं न धुतलेलं लुगडं नेसलं. रोज धार काढणारीचे कपडे घातले की जनावर फसतं, हा आमच्याकडचा जुना उपाय. म्हशीने लुगडं हुंगलं, आत्याला नीट बसू दिलं आणि मग बादलीसकट लोळवलं. आत्या सकाळच्या एसटीने इंदापूरला परत गेली. मी बसून पाहिलं, तर म्हशीने मला लाथ मारली नाही, पण दूधही दिलं नाही.

जायला पाच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी आण्णांनी खाकी हाफपँटवर आईचं लुगडं गुंडाळलं आणि मिशीवरून पदर घेतला. हसू आवरेना म्हणून मी अंगणात पळाले. आई हसली नाही. "तिला बिडीचा वास येतुया," एवढंच म्हणाली.

आण्णांनी बिडी सोडली. चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. पण रोज दोन्ही वेळा आईच्या मागे उकिडवे बसून ती म्हशीशी काय पुटपुटते ते ऐकत राहिले. "सोड गं बाय, दमलीस गं, सोड." असलं गोड बोलणं आण्णांनी घरात कुणासाठी कधी वापरलं नव्हतं. चौथ्या संध्याकाळी तेच शब्द त्यांच्या जाड्या आवाजात गोठ्यातून ऐकू आले आणि पाठोपाठ बादलीत धारेचा आवाज.

फेसाळ बादली घेऊन ते दारात आले आणि तिथेच थांबले. माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. आईच्या जागी म्हैस काढू शकणारा माणूस एकच होता आणि तो उद्या जीपमध्ये बसणार होता.

आण्णांनी इस्त्री करून टांगलेला मेडलांचा कोट काढला, घडी घालून ट्रंकेत ठेवला. यादीतलं स्वतःचं नाव खोडलं आणि त्यावर आईचं लिहिलं. "मी पंधरा वर्सं बघितलंय त्ये," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. आई नको नको म्हणत राहिली, पण पहाटेची धार काढून फॉलीनला पहिली तीच उभी होती.

किल्ल्याचा खंदक, भिंती तिने भराभर पाहिल्या. संग्रहालयात मात्र आण्णांनी चिठ्ठीवर चित्र काढून दिलेल्या गाडीपाशी ती थांबली. गाडी म्हणजे रणगाडा. "ड्रायव्हर कुठनं जातो आत?" तिने तिथल्या जवानाला विचारलं. हात लावायला बंदी होती, पण आण्णांची नोकरी कळल्यावर त्याने तिला हात देऊन वर घेतलं. पुढच्या बाजूला झाकणाचं एक भोक होतं. आईने ते वितीने मोजलं. दोन विती. मग वाकून आत बराच वेळ पाहिलं.

आम्ही परतलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आण्णा ओसरीत बसले होते, अजून आईच्याच लुगड्यात.

"काढली?"

"काढली. समदं दूध दिलं."

आईने पिशवी ठेवली, त्यांच्या मागे गेली आणि या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत वीत टाकली. दोन विती भरून वर चार बोटं.

"त्या भोकातनं कसं जात हुता?"

"तिरकं हून."

"आन उन्हाळ्यात?"

"तापायचं लय."

"पत्रात तर खुशाल म्हनून लिवायचा."

"पत्र गुरुजी वाचायचं," आण्णा म्हणाले. "तुला एकलीला कसं लिवायचं?"

मला दोघांची दया आली, आणि माझ्या रागाची लाज वाटली. आण्णा लुगड्याची गाठ सोडवायला लागले, पण धार काढून त्यांची बोटं आखडली होती, वळत नव्हती. आईने ते पाहिलं. मग ती खाली बसली आणि तिने गाठ सोडवून दिली.