भोंगा, बिस्किटं आणि सेफ्टी ऑफिसर

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागे हा किस्सा ऐकताना एकाला असा ठसका लागला की विचारू नका! आणि ठसका लागलेल्या माणसाचं काय करायचं हे शिकवणं म्हणजे माझीच नोकरी. चाकणला एका कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. आग लागली तर लोकांनी कुठे पळायचं, हे मी शिकवतो. एवढं लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

तर आमच्या गेटवर चार कुत्री. त्यांची म्होरकी रिजेक्शन. नापास मालाच्या पेटीमागे जन्मली, एक कान जन्मापासून वाकडा, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलं. कंपनीचा भोंगा दिवसातून तीनदा वाजतो, सकाळी, जेवणाला आणि सुटीला. तो वाजला की या चौघी माना वर करून असा गळा काढायच्या, की वाटावं आत कोणीतरी गेलंय!

आमचे प्लांट हेड साळुंके साहेब एक दिवस भडकले. "कंपनीच्या दारात रोज कुत्री रडतात! ऑर्डर कशी येणार? पुढच्या महिन्यात सेफ्टीचं ऑडिट आहे. तोवर गप्प झाली नाहीत, तर गाडीत घालून लांब सोडून यायचं. सगळी."

गेटवरचे सोपानमामा मूळ गावातलेच. साहेबांनी त्यांच्या हातात काठी दिली होती. ती माझ्यापुढे धरून म्हणाले, "माझा हात न्हाई उचलत वो. ती माझ्या हातची भाकर खाती."

"मामा, काठी टाका. मायेनं शिकवायचं."

"कुनाला?"

"कुत्र्यांना!"

"मंग कामगारांवर का वरडता?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

दोन रविवार मोशीत घरी बसून व्हिडिओ पाहिले. कळलं ते असं, की कुत्रं मुद्दाम त्रास देत नाही. तो आवाजच त्याला छळतो. मग आवाज वाजला की लगेच खाऊ द्यायचा. मारायचं नाही, ओढायचं नाही, रागवायचं नाही. आवाज गोड लागायला लागतो. किती सोपं! मला वाटलं, आपण आता कुत्र्यांचे मास्तर झालो.

जागा निवडली गेटपासून लांब, हिरव्या बोर्डाखाली. आग लागली की सगळ्यांनी जमायचं ते मैदान. वर्षभर तिथे चिटपाखरू फिरकत नाही. बिस्किटं आधी खिशात ठेवली, तर रिजेक्शन सकाळपासूनच माझ्या पँटच्या मागे! पण नियम असा, की आधी भोंगा, मग बिस्किट. म्हणून पुडा कँटीनच्या कपाटात ठेवला. भोंगा वाजला, की मी धावत कँटीनमध्ये, पुडा घेऊन धावत बोर्डाखाली.

सहाव्या दिवशी भोंगा वाजला आणि रिजेक्शन मुकाट्याने बोर्डाखाली जाऊन बसली. तोंड बंद! खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं पाहून बाकीच्या तिघीही शिकल्या.

साळुंके साहेबांनी एवढंच म्हटलं, "ऑडिटला रडल्या की गेल्या."

ऑडिटच्या दिवशी आल्या एक मॅडम. कमी बोलणाऱ्या, जास्त लिहिणाऱ्या. मी पडद्यासमोर उभा राहून खणखणीत आवाजात सांगत होतो, "आग लागली की वस्तू घ्यायला थांबायचं नाही. आत वळायचं नाही. सरळ बाहेर!"

"छान," मॅडम म्हणाल्या. "मग आत्ताच बघू या." आणि त्यांनी भिंतीवरचं आगीचं बटण दाबलं. आगीलाही आमच्याकडे तोच भोंगा.

भोंगा!

माझ्या डोक्यात एकच गोष्ट. रिजेक्शन रडली तर गेली! पुढचं पायांनीच ठरवलं.

"अहो, बाहेरचा रस्ता इकडे आहे!" मॅडम ओरडल्या.

"आलोच!"

एकशे बारा माणसं बाहेर निघालेली, आणि त्यांचा सेफ्टी ऑफिसर त्यांना ढकलत आत! "सरका, सरका!"

"साहेब, खरंच आग हाय का?" एकाने घाबरून विचारलं.

"आग नाही रे, बिस्किटं!"

कँटीनच्या कपाटाला कुलूप. चावी कँटीनवाल्याकडे, आणि तो बिचारा केव्हाच बाहेर पळालेला. वस्तू घ्यायला थांबायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं ना! कपाटाशी पाच मिनिटं झटापट केली आणि रिकाम्या हाताने, घामाघूम होऊन मैदानात आलो.

बघतो तर काय! सगळ्यात पुढे चारही कुत्री एका ओळीत बसलेली, गप्प. मागे एकशे बारा माणसं. सोपानमामा हजेरीची वही घेऊन उभे.

"पहिलं कोण पोचलं?" मॅडमनी विचारलं.

"ह्या चौघी. भोंगा वाजल्या वाजल्या."

"आणि वेळेत आलं नाही कोण?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मॅडम लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेल्या, "एक व्यक्ती इमारतीत अडकली. मृत समजावी. पद, सेफ्टी ऑफिसर."

साळुंके साहेबांनी एकदा कुत्र्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "कुत्री राहू द्या. याचं काय करायचं ते सांगा."

"पुन्हा ट्रेनिंग," मॅडम म्हणाल्या.

साहेब माझ्यावर तोंड सोडणार, तेवढ्यात मामा मध्ये पडले. "वरडू नगा साहेब. मायेनं शिकतंय ते. माझ्याकडं सोपवा."

आता रोज भोंगा वाजला की मामा पुडा घेऊन बोर्डाखाली उभे असतात. मी कँटीनकडे न वळता सरळ तिथे गेलो, तर मला एक बिस्किट मिळतं आणि पाठीवर थाप. "श्शाब्बास साहेब!" रिजेक्शन थोडी सरकून मला जागा करून देते.

तिला हे शिकायला सहा दिवस लागले होते. माझा आज अकरावा. काल पुन्हा कँटीनच्या दारापर्यंत गेलो होतो.