गुलाल न लागलेली गाडी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, चंदगडकडच्या एका खेड्यात राहतात. भातशेती, थोडी काजूची झाडं आणि एका दुकानात हिशेब लिहायची नोकरी, एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं. एका रविवारी ते पांढरी, उंच, सात जण बसतील अशी नवी कोरी गाडी घेऊन कोल्हापुरात आमच्याकडे आले. बोळात गाडी सहज आली असती, पण त्यांनी ती कोपऱ्यावर चहाच्या टपरीसमोर लावली. टपरीवरच्या सगळ्यांनी वळून बघितल्यावरच ते खाली उतरले. मी गॅलरीतून बघत होते. मला तिथूनच खटकलं.

“काय पावणं, बसा की गाडीत! जोतिबाला जाऊन येऊ,” ते माझ्या नवऱ्याला म्हणाले.

नवऱ्याचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दुसरं मशीन घ्यायचं म्हणून आम्ही बरीच वर्षं बँकेत पैसे साठवत होतो. त्याची स्कूटर इतकी जुनी, की ती फक्त त्याच्याच किकला दाद द्यायची. दाजींच्या गाडीत बसल्यावर त्यानं सीटवरून हळूच हात फिरवला, ते मी पाहिलं.

अक्काही दाजींबरोबर आली होती, ती मागं माझ्या शेजारी होती. पाठ न टेकता, परक्याच्या घरी बसावं तशी.

“छान हाय की गं गाडी,” मी म्हटलं.

“व्हय,” म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

जोतिबावर गुरवानं गाडीची पूजा केली, नारळ फोडला आणि बॉनेटवर टाकायला गुलालाची मूठ उचलली. तर दाजी धावतच मध्ये आले. “गुलाल नको, गुलाल नको! डाग पडत्यात.” गुरव मूठ तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिला. जोतिबाच्या डोंगरावर नवी गाडी आणायची आणि तिला गुलाल लागू द्यायचा नाही, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. कुणाची तरी वस्तू परत द्यायची असली, की माणूस असा जपतो. हा विचार मनात आला आणि मग जाईना.

खाली उतरताना रस प्यायला थांबलो, तिथं दाजींनी विषय काढला. एक कंपनी आहे, लोकांचे पैसे शेअर बाजारात लावते, दरमहा नफा घरी आणून देते. “बँकेत तुमचा पैसा नुसता झोपलाय पावणं. त्याला उठवा, कामाला लावा. मशीन काय, अशी गाडी बी येईल दारात.”

नवरा मान डोलवत होता. मी विचारलं, “दाजी, तुमचे स्वतःचे किती हायत त्यात?”

ते मोठ्यानं हसले. “मेहुणीबाई, एवढी मोठी गाडी दिसंना व्हय तुमाला?”

मी विचारलेल्याचं ते उत्तर नव्हतं. अक्का ग्लासातला बर्फ हलवत बसली होती.

घरी आल्यावर आमची जुंपली. नवरा म्हणाला, “तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवत न्हाय. बहिणीचा नवरा हाय तुझ्या, कुणी परका न्हाय.” ते मला लागलं, कारण मलाही तीच शंका होती. अक्काच्या दारात गाडी आली आणि माझ्या दारात खटारा स्कूटर, म्हणून तर मी खोट काढत नाही ना? मी पुन्हा भांडले नाही. पण लक्ष ठेवून होते. तो अंघोळीला गेला की त्याचा फोन वाजतो का ऐकायची. वाजायचा, आणि दाजींचाच असायचा.

मग एका सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. लेथवर काम करणारा माणूस इस्त्रीचा शर्ट कशाला घालेल? “बँकेत चाललाय न्हवं?” मी दार अडवूनच विचारलं. तो काही बोलायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. अक्का होती. एकटी, पहिल्या एसटीनं आलेली, साडीचा काठ चिखलानं भरलेला. हातात काजूचा डबा. आत येऊन तिनं डबा उघडला, काजू ताटात ओतले आणि तळाची फडक्यातली पुरचुंडी माझ्या हातात दिली. तिच्या पाटल्या होत्या, आणि आईनं दिलेली मोहनमाळ.

“तुझ्याकडं ठेव. ह्यांना सांगू नको.”

“का गं? काय झालं?”

“अजून काय न्हाय. पण ते मागतील. आणि मागितलं तर मला न्हाय म्हणता येणार न्हाय.”

नवरा दारातच उभा होता. “अक्का, गाडी कुणाची हाय?”

“कंपनीची. लोक आणून दिले की ह्यांच्या नावावर करणार म्हणं.” तिनं रिकाम्या डब्याला झाकण लावलं. “पावणं, ते फसवत न्हाईत हां तुमाला. त्यांना खरंच वाटतंय सगळं. आमची काजूची बाग बी घातली त्यांनी त्यात.”

नवऱ्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला, कामाचे कपडे चढवले आणि जेवणाचा डबा घेऊन वर्कशॉपला गेला. आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही.

दिवाळीनंतर कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं. गाडी कोण घेऊन गेलं ते दाजींनाही कळलं नाही. सकाळी उठले तर अंगण रिकामं. मग गावातले लोक आपले पैसे मागायला दारात यायला लागले, आणि दाजी घराबाहेर पडेनासे झाले. मधे एकदा आमच्याकडे आले, चहा पुढ्यात निवत ठेवून म्हणाले, “तुमी वाचला. तुमाला कुणी सांगितलं हुतं काय?”

“न्हाय,” मी म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नको इतका वेळ पाहिलं.

गेल्या वर्षी अक्कानं सोनं परत नेलं, मोडलं आणि काजू फोडायचं यंत्र घेतलं, स्वतःच्या नावावर. दाजींना तिनं सांगितलं, बहिणीनं मदत केली. त्यामुळे दाजी आता आमच्याशी फार अदबीनं वागतात आणि माझ्या नवऱ्याला ओशाळल्यासारखं होतं. दाजी ही मदत खरी मानतात की मानल्यासारखं करतात, मला अजून कळलेलं नाही. परवा दोघं आमच्याकडे आले होते. निघताना दाजी चप्पल घालता घालता म्हणाले, “मेहुणीबाई, तुमाला तवाच संशय आलता की. मला का न्हाय थांबवलं?”

अक्का आत भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हटलं, “थांबला असता व्हय दाजी?”

त्यांनी थोडा विचार केला. “न्हाय,” म्हणाले, आणि जिना उतरून गेले.