हातातला झोका

कारखान्यात तिला सगळे झोकेबाई म्हणत. मुलामा देण्याच्या मोठ्या हौदांवर तिची उमेदीची वर्षं गेली. तारेला टांगलेला जिन्नस सोन्याच्या पाण्यात सोडायचा आणि पाळण्यातल्या लेकराला द्यावा तसा हलका झोका देत राहायचं, म्हणजे मुलामा सगळीकडे सारखा बसतो. तिच्या हातचं काम म्हणजे आरसाच. पण हौदाच्या वाफांनी तिची छाती धरली. जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा मिस्त्रींनी तिला आतल्या लेसरच्या खोलीत नेलं.

तिथे ना वाफ, ना गलबला. काचेच्या भांड्यात, सोन्याच्याच पाण्यात, तांब्याची पट्टी बुडालेली आणि तिच्यावर एक हिरवा किरण टेकलेला. पाण्यात सोडलेली वीज अगदी नावापुरती. किरण पडेल तिथलंच पाणी तापायचं आणि तेवढ्याच ठिपक्यावर सोनं धरायचं. चाकी फिरवली की पट्टी सरके आणि तिच्यावर केसाहून बारीक सोनेरी रेघ उमटत जाई. भिंगातून बघता बघता तिला वाटे, आपण झोपेतच आहोत आणि पाण्याच्या तळाशी देव उजेडाने काहीतरी लिहितो आहे.

पण हात ऐकेल तर शपथ! चाकी जराशी पुढे गेली की बोटं आपसूक तिला मागे आणत. झोकाच तो.

“झोकेबाई, ही रेघ आहे की गांडूळ?” मिस्त्री म्हणाले. दुसरी पट्टीही तशीच निघाली, तेव्हा मात्र त्यांचा आवाज उतरला. “उद्याचीही बिघडली तर तुम्हाला परत हौदावर पाठवावं लागेल हो. वरचे ऐकत नाहीत.”

रात्रीची भांडी आवरताना तिने हे सासूबाईंना सांगितलं.

“जित्याची खोड ती!” सासूबाई हसल्या. “माझी सगळी नातवंडं त्याच हाताने निजवलीस. पण काय गं, जपाला बसलीस की माळेचा मणी कधी मागे नेतेस का?”

ती विसळता विसळता थांबली.

सकाळी तिने चाकीवर बोटं टेकली. एक नाव घ्यायचं, केसभर पुढे. पुन्हा नाव, पुन्हा केसभर. हिरव्या पाण्यात सोनं उमलत राहिलं. खोली कुठे, आपण कुठे, काही उरलं नाही.

“ओठ काय हलतायत?” मिस्त्रींनी विचारलं.

“हात मागे येऊ नये म्हणून.”

त्यांनी भिंगाला डोळा लावला. रेघ सुतासारखी सरळ होती. “इथे शेवटी जाड का झाली?”

“तिथे तुम्ही बोललात.”

मिस्त्रींनी स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं, नवी पट्टी तिच्यापुढे सरकवली आणि बाहेर जाताना दार अलगद ओढून घेतलं.