बसणारे दोन, आडवी एक

आमच्या ऑफिसात कागद ठेवायला दोन कपाटं आहेत आणि दोन्ही भरली आहेत. किश्श्यांना मात्र कपाट नाही. ते चहाच्या वेळी निघतात, चहा संपला की जो तो आपल्या टेबलाकडे जातो, आणि ते तिथंच राहतात. मी कमी बोलतो, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. सखारामदादांच्या गाडीचे तर इतके झाले, की आता कोणी ‘एक सांग’ म्हटलं तर कुठला ते कळत नाही. म्हणून ओळीनं सगळेच सांगतो.

ऑफिस म्हणजे गिरगावातली एक खोली. कोठारेसाहेब विम्याचे एजंट आणि मी त्यांचा फॉर्म भरणारा. शाळा मी इंग्रजी तिसरीतच सोडली, पण अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी ठेवून घेतलं. इंग्रजीत काय लिहायचं ते साहेब सांगतात, मी वळणदार काढतो.

* * *

सखारामदादा काळाचौकीला आमच्याच चाळीत, शेजारच्या खोलीत राहतात. परळच्या एका हॉस्पिटलची रुग्णवाहिका त्यांनी चौदा वर्षं चालवली. गाडी जुनी झाली, हॉस्पिटलनं लिलावात काढली, आणि ती घेतली कोणी, तर दादांनीच. हॉस्पिटलच्या विम्याचे दोन दिवस उरले होते, तेवढ्यात त्यांनी ती चाळीत आणून उभी केली.

आता चाळीच्या दारात रुग्णवाहिका उभी राहिल्यावर काय होणार? तिन्ही मजले खाली आले. कोणी पंखा आणला, कोणी चादर. पहिल्या मजल्यावरची काशीआजी लिंबूपाणी घेऊन सगळ्यांना कोपरानं बाजूला सारत पुढे आली आणि विचारू लागली, कोणाला काय झालं?

दादा म्हणाले, कोणाला काही नाही. गाडी मी विकत घेतली.

काशीआजीनं हातातल्या पेल्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं.

“मग तूच पी,” ती म्हणाली. “तुलाच कायतरी झालंय.”

* * *

दादांना काय झालं होतं, ते मला माहीत होतं. यशोदावहिनी गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होत्या. सहा वर्षांपूर्वी गिरणीच्या जिन्यावरून पडल्या आणि कंबर गेली. उभ्या राहतात, चालतात, स्वयंपाक करतात, पण बसायचं म्हटलं की दहा मिनिटांत कळ मस्तकात जाते. त्यांचं माहेर महाडच्या पुढं, घाटाखाली. एसटीत बसावं लागतं. बोटीनं जावं तर पुढं बैलगाडीचे हिसके. त्यामुळे सहा वर्षांत आईची भेट नाही.

आई मुंबईला यायला तयार नाही. इतकं लांब बसून माझ्याच्यानं होत नाही, म्हणते. शिवाय गाय आहे. गावाकडून जो येतो त्याच्याजवळ तिचा एकच निरोप असतो, एकदा दिसून जा. मागच्या खेपेला निरोप आणणाऱ्यानं सांगितलं, म्हातारी आता डोळ्यांवर हात धरून माणूस ओळखते. त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात लिलाव होता.

पावसाळ्याच्या आत जाऊन यायचं, असं दादांनी ठरवलं. आडवं झोपून जायचं, वाटेत थांबून चहा-भात करायचा, पुन्हा निघायचं. दादांनी स्ट्रेचरच्या जागी फळ्यांची खाट ठोकली, तिच्या पायाशी स्टोव्हचं खोकं आणि पाण्याचा हंडा बसवला. मग माप घ्यायला वहिनींना आत झोपवलं.

वहिनी बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चौदा वर्षं तुम्ही लोकांना असं पत्र्याकडे बघत नेलंत?”

दुसऱ्या दिवशी दादांनी गाडीच्या अंगाला करवत लावली आणि खाटेच्या उंचीवर खिडकी काढली. चाळीतला जो येई तो सांगे, सखाराम, खिडकी खाली गेली रे तुझी.

दादा म्हणायचे, “बघणारी झोपलेली आहे.”

* * *

विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणून मी दादांना आमच्या ऑफिसात घेऊन आलो. माझ्या ओळखीनं आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

फॉर्मात पहिलं विचारलं होतं, वाहन कोणत्या प्रकारचं? साहेबांनी विचारलं, रुग्णवाहिका का? दादा म्हणाले, आता नाही. मग टेंपो? माल नेत नाही. बस? तिकीट नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, मग आत आहे तरी काय? दादांनी सांगितलं: खाट, स्टोव्ह, हंडा, आरसा, देवीची तसबीर.

“हा विमा घराचा करायचा की गाडीचा?” साहेब मला म्हणाले. मला दोन्ही पटत होतं, म्हणून मी तो रकाना तूर्त कोरा सोडला.

पुढं होतं, किती माणसं बसणार? दादा प्रामाणिक माणूस. बोटांवर मोजत म्हणाले, पुढच्या सीटवर बसणारे दोन. मागं आडवी एक.

साहेब म्हणाले, आडव्याचा रकाना नाही.

“मग काढा,” दादा म्हणाले. “ती बसणारी नाही.”

शेवटी मी फूटपट्टी घेऊन समासात एक रकाना आखला. साहेबांनी दादांना बजावलं, जेवढी माणसं लिहिली तेवढ्यांचाच विमा. वर एक जरी घेतलं तर आधी आम्हाला कळवायचं. दादांनी ते दोनदा म्हणून पाठ करून घेतलं.

* * *

मग शेवटचा प्रश्न आला. या गाडीतून भाड्यानं आजारी माणसं नेणार का? साहेबांनी तो वाचला आणि लगेच ते म्हणाले, नाही लिही, आणि यांची सही घे.

दादांनी पेन खाली ठेवलं. गाडी पांढरी आहे, म्हणाले, रस्त्यात कोणी हात केला तर मी थांबणार. चौदा वर्षं थांबलो. आता नाही थांबणार असं सही करून कसं देऊ?

साहेबांनी परोपरीनं समजावलं. अहो, नुसतं लिहायचं आहे! दादा म्हणाले, म्हणूनच. साहेबांचाही नाइलाज होता. त्यांनी फाईल मिटली आणि कपाटावर ठेवली.

फाईल आठ दिवस तिथंच होती. संध्याकाळी चाळीत गेलो की वहिनी विचारायच्या, “भावजी, झालं का हो?” मी मान हलवायचो आणि खोलीत शिरायचो. त्यांनी आईसाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं. ते गाडीतल्या खाटेच्या उशाशी घडी करून ठेवलेलं मी रोज बघत होतो.

नवव्या दिवशी साहेब दुसराच फॉर्म सांगत असताना माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, “साहेब, वहिनींना बसता येत नाही.”

ऑफिसात मी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, फाईल काढली आणि कंपनीच्या सर्व्हेअरला फोन लावला.

* * *

सर्व्हेअर म्हणजे सोराबजी, एक उंच, वाकलेले पारशी गृहस्थ. ते गाडी बघायला येणार म्हणून दादांनी चाळीतल्या तरुण मंडळींना सांगितलं होतं की गाडीवरची रुग्णालयाची लाल खूण पुसा. त्यांनी खूण पांढऱ्या रंगानं व्यवस्थित पुसली. पण सभेचे फलक रंगवून उरलेला लाल रंगाचा डबाही त्यांच्याजवळ होता. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, रोज कुठं ना कुठं सभा, आणि समोर एवढी कोरी पांढरी गाडी! सोराबजी आले तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

सोराबजींनी अक्षर अक्षर लावून सगळं वाचलं, दुसऱ्या बाजूला जाऊन तेही तपासलं, आणि खिशातून वही काढली. नंतर तो रिपोर्ट माझ्या हातात आला. रंग आणि खुणांच्या पुढं लिहिलं होतं: पांढरा. दोन्ही अंगांना एक मागणी.

कोठारेसाहेबांनी घाबरून विचारलं, हे चालेल का?

“मागणी कंपनीकडे नाय ना?” सोराबजी म्हणाले. “मग चालेल.”

* * *

त्यांना गाडी चालताना बघायची होती. साहेबांनी एका दिवसाच्या विम्याची तात्पुरती चिठ्ठी मिळवून दिली. पुढं दादा आणि सोराबजी, मागं खाटेवर वहिनी, आणि हंड्याजवळ खाली मी. मी कुठल्याच रकान्यात नव्हतो, पण सोराबजी म्हणाले, कारकून सामानात धरतो.

भोईवाड्याला कोर्टाच्या पुढं एका माणसानं आडवा हात केला. त्याच्याबरोबर त्याची बायको होती, भिंतीला धरून उभी, पोट हातानं सावरलेलं. गाडी थांबली. दादांनी थांबवली असं म्हणवत नाही. त्यांचा पाय आपोआप गेला. मग त्यांनी सोराबजींकडे पाहिलं, आणि मला वाटलं, झालं, संपलं महाड.

मागचं दार उघडण्याआधीच वहिनी खाटेवरून उठल्या होत्या. त्या बाईला त्यांनी आपल्या जागी झोपवलं, उशाचं लुगडं काढून तिच्या कमरेखाली दिलं, आणि स्वतः छताचा दांडा धरून उभ्या राहिल्या. सोराबजींनी पुढची सीट तिच्या नवऱ्याला दिली आणि ते मागं येऊन वहिनींशेजारी वाकून उभे राहिले. हॉस्पिटल येईपर्यंत ती बाई खिडकीतून बाहेर बघत होती. कण्हायची, पुन्हा बघायची.

बाईला आत नेल्यावर सोराबजींनी दादांना विचारलं, “पैसा किती घेतला?”

“कशाचा?” दादा म्हणाले.

सोराबजींनी मला जवळ बोलावलं. “डिकरा, लिही. भाडं घेत नाय. थांबते की नाय, ते कंपनीने विचारलेलंच नाय.”

दादांनी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून सही केली.

* * *

मे महिना सरता सरता दादा आणि वहिनी गेले. जाताना काशीआजीनं लिंबं दिली. विम्याचा कागद दादांनी तसबिरीच्या मागं ठेवला होता.

आठव्या दिवशी ऑफिसात माझ्या नावानं कार्ड आलं. आयुष्यात माझ्या नावानं ऑफिसात आलेलं पहिलं. मी वाचलं आणि साहेबांपुढं ठेवलं. सोराबजी योगायोगानं तिथंच होते, त्यांना साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

“चि. गणपतास आशीर्वाद. सुखरूप पोचलो. गाडी अंगणात लावली. यशोदा उतरायच्या आधी आईच आत चढली. लेकीचं तोंड हातानं चाचपलं आणि शेजारी आडवी झाली. तेव्हापासून तीन दिवस दोघी आतच आहेत, मी चहा-भाकरी नेऊन देतो. आज परत निघायचं, तर आई उतरत नाही. पुढच्या सीटवर बसा म्हटलं, तर म्हणते, बसून नाही, अशीच येणार. गाय शेजारी देऊन टाकली. आपल्या कागदावर आडवी एकच लिहिली आहे. तरी साहेबांना विचारून लगेच कळव. तोवर गाडी हलवत नाही.”