शेलारआण्णांचं मोडलेलं ऑफिस

साताऱ्याच्या आमच्या छोट्याशा सरकारी ऑफिसात कुणी नवीन रुजू झालं, की शेलारआण्णा आवक-जावकच्या टेबलावरून उठायचे, खिशातला रुमाल काढून त्या माणसाची खुर्ची स्वतः पुसायचे आणि म्हणायचे, "बसा. आता उठायचं न्हाई." मी टायपिस्ट म्हणून आले तेव्हा विशीत होते. भरघोस पांढऱ्या मिशांचा हा माणूस माझ्यासाठी खुर्ची पुसतोय हे बघून इतकी संकोचले की दुपारपर्यंत खुर्चीच्या कडेवरच टेकून राहिले.

आण्णा जावळीतल्या मेढ्याकडचे. पलटणीतून हवालदार म्हणून सुटून आले आणि कारकून झाले. ऑफिसात कुणी दिसलं नाही की संध्याकाळी त्याच्या घरी हजर. आमच्या नलावड्यांना टायफॉइड झाला तेव्हा आण्णा रोज नाचणीची आंबील डब्यातून न्यायचे. नलावडे एकटेच खोली करून राहात. "आवं, कशाला त्रास घेता?" असं कुणी म्हटलं तर आण्णा चिडायचे. "घरातलं मानूस येगळं आन् हापिसातलं येगळं, ह्यो हिशेब मला जमत न्हाई."

मग सत्तरच्या दशकात सरकारने खात्यांची फेररचना काढली. आमचं खातं दुसऱ्या खात्यात विलीन झालं, साताऱ्याचं ऑफिस बंद करायचं ठरलं आणि आम्ही सगळे 'अतिरिक्त' ठरलो. साहेबांनी तो शब्द वाचून दाखवल्यावर आण्णांनी विचारलं, "अतिरिक्त म्हंजी काय, साहेब? पंगत उठल्यावर उरल्यालं?" साहेबांनी कागदाची घडी घातली. ते स्वतःही अतिरिक्तच होते.

बदलीचे हुकूम निघाले: नलावडे रहिमतपूरला, ड्रायव्हर गफूरभाई कराडला, मी सांगलीला. माझ्या वडिलांनी एका वाक्यात निकाल लावला, "परगावी एकटी राहायची नाही, नोकरी सोड." मी रडून घेतलं आणि राजीनामा द्यायचं ठरवलं. आण्णांना कळलं तसे ते घरी आले. चहासुद्धा घेतला नाही.

"पाव्हणं, खातं मोडलं सरकारनं. नोकरी पोरीनं सोडायची व्हय? माझ्या पलटणीतल्या दोस्ताचं घर हाय सांगलीत, विश्रामबागेत. त्याची बायको पोटच्या लेकीगत ठेवील हिला. मी सोता पोचवून येतो."

वडिलांनी चहाचा कप पुन्हा आण्णांपुढे सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही पोचवणार असाल तर जाऊ दे."

सांगलीच्या ऑफिसात आमचं स्वागत कुणी केलं नाही. बाहेरून माणसं आली की तिथल्यांच्या बढत्या मागे पडणार होत्या. त्यांचाही राग खोटा नव्हता. मला कोपऱ्यात एक खुर्ची दाखवली. आण्णांनी परक्या ऑफिसात रुमाल काढून ती पुसली आणि हेडक्लार्ककडे वळले. "साहेब, ही आमची पोरगी. तुमच्या कुनाच्या ताटातलं वडायला आल्याली न्हाई, सरकारनं धाडलीया. तुमच्यात घ्या." हेडक्लार्क ओशाळून हसले आणि त्यांनी चहा मागवला. त्या चहावर माझी सांगलीतली नोकरी सुरू झाली.

नलावड्यांना आणि गफूरभाईंनाही आण्णा असेच रजा टाकून पोचवून आले. त्यांचा स्वतःचा हुकूम सगळ्यात शेवटी आला: जत. जावळीच्या पावसात वाढलेला माणूस निवृत्तीच्या तोंडावर पार पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखात. त्यांना पोचवायला साताऱ्यात कुणी उरलंच नव्हतं. ते एकटे गेले.

मेढ्याला जाता-येता ते सांगलीत उतरायचे, माझी चौकशी करायचे. "हितं पाऊस न्हाई, पर मानसं लय ग्वाड," म्हणायचे. चार कानडी शब्दही शिकले होते. पण बोलता बोलता मध्येच थांबून विचारायचे, "आपल्या हापिसात आता कोन बसतंय गं?" मी ऐकलं होतं तेवढं सांगायची. तिथे दुसऱ्या कुठल्याशा खात्याचं गोदाम झालं होतं. आण्णा मिशीवरून हात फिरवत नुसते "बरं" म्हणायचे.

त्यांच्या निरोपसमारंभाला आम्ही तिघं जतला गेलो. न कळवताच. दारात आम्हाला बघून आण्णा हार घातलेले तसेच उठले. जतचे साहेब भाषण करत होते, तेही थांबले. "साहेब," आण्णा म्हणाले, "हे माझं हापिस." गफूरभाईंनी त्यांना धरून खाली बसवलं.

परतताना चौघं एकाच एस.टी.त बसलो. साताऱ्याच्या जुन्या गोष्टी निघाल्या, आण्णा पोट धरून हसले. ती आमची शेवटची भेट. पुढच्याच पावसाळ्यात ते मेढ्याला वारल्याचं कळलं.

त्या दिवशी सांगली स्टँडवर मी एकटी उतरले. बाकीच्यांना पुढे जायचं होतं. खिडकीखाली उभी राहून बघत होते. एक प्रवासी माझ्या मोकळ्या झालेल्या जागेवर बसायला आला, तर आण्णांनी चटकन आपली पिशवी तिथे ठेवली.

"हाय," ते म्हणाले, "मानूस हाय हितं."

आणि गाडी सुटली.