फ्लेकाची डावी बाही

लीबीनं चहाचा कप पुन्हा अर्धाच भरला, तेव्हा ऑस्लाच्या मनात आलं, मॅग्नी गेल्यापासून ही फारच चिक्कू होत चाललीय. मॅग्नी म्हणजे ऑस्लाचा धाकटा भाऊ, लीबीचा नवरा. तो होता तेव्हा या घरात चहा बशीत सांडेपर्यंत ओतायची पद्धत होती. पण त्या दिवशी चहावरून बोलायची सोय नव्हती. टेबलावर तपकिरी स्वेटर पसरला होता आणि त्याची डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड होती.

"टाके चौसष्टच आहेत वन्सं," लीबी म्हणाली. "ओळीही तेवढ्याच. धुऊन चौकटीवर ताणला, तीन दिवस वाळवला. बाही काही हलायला तयार नाही."

ऑस्लानं बाही चिमटीत धरली. सूत बारीक होतं. डोळ्यांना दिसणार नाही एवढंच, पण साठ वर्षं चरख्यावर बसलेल्या बोटांना ते लगेच कळलं. खरं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"तू चिडलीस की टाके आवळतेस. कुंपणावरून त्या शेजारच्या गिबीशी वाजलं होतं ना तुझं? तो राग बाहीत उतरलाय सगळा."

"हे बरंय. नाचता येईना आणि अंगण वाकडं."

"मग मोजून बघ ना स्वतःच."

लीबीनं बाही उलटसुलट केली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. गिबीशी वाजलं होतं हे तर खरंच होतं. शेवटी तिनं सुस्कारा टाकला आणि म्हणाली की उसवते, पुन्हा विणते. ऑस्लानं अर्धा कप एका घोटात संपवला आणि ती घाईनं उठली.

या नणंद-भावजयींबद्दल आमच्या बेटावर म्हणतात की देवानं एक बाई बनवायला घेतली आणि घाईत तिच्या दोन झाल्या. ऑस्लाला सुया धरता येत नाहीत आणि लीबीनं चरख्याला हात लावला की सुताची दोरी होते. एकतीस वर्षं एक कातते, दुसरी विणते, आणि त्यांचा नियम एकच: एका मेंढीचा एक स्वेटर. जून महिन्यात मेंढीची लोकर आपसूक सुटायला लागली की कात्री न लावता ती हातानं उपटायची. मग धुवायची, विंचरायची, लांबट गुंडाळ्या म्हणजे पेळू करायचे, कातायची. रंग द्यायचा नाही, मेंढीचा असेल तोच. आणि लोकर कमी पडली तर दुसरीची मिसळायची नाही. दोनदा कमी पडली होती. दोन्ही वेळा बिनबाह्यांचं जाकीट झालं आणि लोकांनी वर्षभर चेष्टा केली.

हा स्वेटर फ्लेकाचा होता. फ्लेका ही ऑस्लाची सगळ्यात शहाणी मेंढी, मानेवरची लोकर लोण्यासारखी. स्वेटर मिळणार होता रोडाला. रोडा बेटाची नर्स. सव्वीस वर्षं जखमा बांधून आणि बाळंतपणं करून ती सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी निवृत्त होणार होती. सभागृहात समारंभ, सगळं बेट जमणार, आणि सगळ्यांच्या वतीनं तिला स्वेटर द्यायचा. कुठल्याही हवेत होडीतून पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बाईला बिनबाह्यांचं जाकीट द्यायचं म्हणजे शोभाच झाली असती.

आणि नेमकं रोडाचंच नाव निघालं की ऑस्लाचा जीव खालीवर व्हायचा. गेले आठ महिने ती रोडाला टाळत होती. तिची लाल गाडी रस्त्यावर दिसली की ऑस्ला घराच्या मागे जाऊन उगाच कोंबड्यांचं पाणी बदलत बसायची. कोंबड्यांनाही आता त्याचा कंटाळा आला असावा.

कारण होतं आईचं. ऑस्लाची आई बेटावरची सगळ्यात चांगली कातणारी. तिचे हात गेले ते हळूहळू गेले. आधी थरथर आली. मग चरखा सुटला. पुढची नऊ वर्षं ती शेगडीजवळच्या खुर्चीत बसून होती आणि मांडीवर तिचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर सतत फिरत राहायचं, नसलेली लोकर पिळत असल्यासारखं. येणारेजाणारे कौतुकानं म्हणत, म्हातारी बसल्या बसल्यासुद्धा कातते. आई हसायची. ऑस्ला मात्र उठून आत जायची, कारण तिला ते बघवायचं नाही. त्या नऊ वर्षांत आईला अंघोळ घालायला दर आठवड्याला येत होती ती रोडाच.

नव्या वर्षाच्या दिवशी लीबीच्या याच टेबलावर ऑस्लानं कप उचलला आणि उजवा हात हलला. टेबलाच्या कापडावर चहाचं तळं झालं. थंडीनं झालं, असं ती म्हणाली. लीबीनं कापड उचललं आणि विषय संपला. ऑस्लाच्या डोक्यात मात्र तो त्या दिवशी सुरू झाला. रोडानं हा हात एकदा पाहिला की ती ओळखणार, आणि एकदा ओळखलं की चरखा बंद, खुर्ची तयार. न बघितलेलं दुखणं नसल्यासारखंच असतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. अशा समजुती दिवसा टिकतात.

तरी फ्लेकाची लोकर तिनं कातली. नमुन्याच्या भरवशावर कातली. ही आईचीच पद्धत: नव्या लोकरीचं पहिल्या दिवशीचं, मनासारखं उतरलेलं हातभर सूत चरख्याशेजारच्या खिळ्याला बांधून ठेवायचं. रोज काम सुरू करताना ते चिमटीत धरून बघायचं, उठताना पुन्हा बघायचं. पहिल्या लडीपासून शेवटच्या लडीपर्यंत सूत एकसारखं राहतं ते या खिळ्यामुळे.

आता लीबीकडून घरी आल्या आल्या, कोटसुद्धा न काढता, ऑस्लानं शेवटची उरलेली लड काढली आणि नमुन्याशी ताडून पाहिली. जुळत होती. डोळे मिटून पाहिलं, डाव्या हातानं पाहिलं. तंतोतंत जुळत होती. बाही बारीक, लड नमुन्यासारखी. दोन्ही खरं कसं असेल? म्हणजे हात तर गेलाच, आता बोटांची पारखही गेली. आईची पारख तरी शेवटपर्यंत शाबूत होती.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. चरख्याला हात लावला नाही. जेवायला बसली की आधी मांडीवरचे हात बघायची, फिरतात का, आणि बघता बघता सूप गार व्हायचं. रोडाची गाडी दोनदा दारावरून गेली. दुसऱ्यांदा थांबलीसुद्धा. ऑस्ला कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी राहिली. तिकडे लीबी तिच्याच शब्दाखातर बाही दुसऱ्यांदा विणत होती, हा काटा वेगळाच.

रविवारी चर्च सुटल्यावर लीबी फाटकाशी थांबली होती. नेहमी ती पाच जणींशी बोलल्याशिवाय हलत नाही. आज एकटीच होती.

"परत तशीच आली वन्सं," ती म्हणाली. "या वेळी मुद्दाम सैल विणली होती. गिबीला रोज मनातल्या मनात माफ करून मगच सुया हातात घेतल्या. तरी तशीच." तिनं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "माझाच हात बिघडला असणार. रोडाचं कसंबसं निभावू दे, मग सुया ठेवून देते. पासष्टी झाली, कधीतरी व्हायचंच."

ऑस्लाला तिथल्या तिथे बोलायचं होतं, पण मागून पाद्रीबुवा आले, हवेवर बोलायला लागले आणि राहून गेलं. घरी येताना वाटेत तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती दोनदा थांबली. एक हात जायचा तो जाणारच होता. आपल्या खोटेपणापायी दुसरीचे चांगले हात कशाला जावेत?

सोमवारी सकाळी तिनं खिळ्यावरचा नमुना सोडला, कागदात गुंडाळला आणि ती लीबीकडे गेली. कोट न काढताच तिनं सांगायला सुरुवात केली.

"चूक तुझी नाही. सूत बारीक आलंय. पहिल्याच दिवशी हाताला कळलं होतं मला आणि मी तुझ्यावर ढकललं. आणि हे बघ, नमुन्याशी जुळतंय तरी. म्हणजे बोटंही गेली माझी. स्वेटर राहू दे, लीबी. माझ्यापायी तू सुया ठेवू नकोस."

लीबी चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. पण लीबीनं नुसता हात पुढे केला आणि नमुना घेतला. खिडकीपाशी नेला, बोटांवर फिरवला, आणि तिच्या कपाळावर आठी आली. मग तिनं स्वेटर ओढून घेतला. तळाच्या कडेला पहिल्या टाक्याचं सूत अजून लोंबत होतं, जुलैतल्या पहिल्या लडीचं. ते तिनं सुईवर बोटभर जागेत शेजारी शेजारी गुंडाळलं आणि वेढे मोजले. बारा. शेजारी नमुना गुंडाळला. पंधरा, म्हणजे नमुनाच बारीक.

"हा नमुना याच लडीतला?"

"पहिल्याच दिवशीचा. मी स्वतः बांधला."

"मग याचा केस कुठे गेला? बघा, गुळगुळीत झालाय, जुन्या बुटाच्या नाडीसारखा." लीबीनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सासूबाई दिवसातून दोनदा हात लावायच्या. तुम्ही किती वेळा लावता?"

ऑस्लानं कोटाचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

"किती वेळा, वन्सं?"

"पन्नास," ऑस्ला म्हणाली. "जास्तच. दर पेळूला बघायचे. हात बिघडला का ते बघायचे."

मन चिंती ते वैरी न चिंती. दोन महिने भीतीनं चोळून चोळून तिनं नमुना झिजवला होता आणि तिचे इमानी हात त्या झिजणाऱ्या सुताबरहुकूम कातत गेले होते, लडीमागून लड, केसाचाही फरक न करता. बोटांनी तिला दगा दिलाच नव्हता. ऑस्ला खुर्चीत बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही. जे आठ महिने कुणाला सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"पण हात हलतो माझा, लीबी. कप धरला की हलतो. आईसारखा."

"ठाऊक आहे," लीबी म्हणाली. ती किटली भरत होती, मागे वळलीही नाही. "म्हणून तर कप अर्धा भरते तुमचा."

ऑस्लानं टेबलावरच्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"नव्या वर्षाला ते कापड मीच धुतलं ना? मला चिक्कू म्हणत असाल मनात. म्हणा." तिनं किटली शेगडीवर ठेवली. "आणि सासूबाईंसारखा नाही. त्यांचा हात मांडीवर चालायचा आणि कप हातात घेतला की थांबायचा. तुमचं उलटं आहे. मांडीवर हात गपगार पडलेले असतात. आठ महिने बघतेय मी. आता मी काही रोडा नाही, तेव्हा उद्या तिच्याकडे जायचं आणि दाखवायचं. मी येते बरोबर. कोंबड्यांचं पाणी मी बदलून ठेवीन."

म्हणजे तेही तिला माहीत होतं. ऑस्लानं खाली पाहिलं. मांडीवर दोन्ही हात पडले होते, म्हातारे, शिरा उठलेले, आणि स्वस्थ.

बाहीचं लीबीनं तेवढ्यात ठरवूनही टाकलं. बारीक कातल्यानं तेवढ्याच लोकरीचं सूत लांब निघालं होतं, शेवटची लड अख्खी शिल्लक होती. बाही उसवायची, टाके वाढवायचे, ओळी वाढवायच्या, बाही पुरेल. डाव्या बाजूनं रोडाला वारा जरा जास्त लागेल, पण ते तिला सांगायची गरज नाही. झिजलेला नमुना तिनं आपल्या बटणांच्या डब्यात टाकला, झाकण लावलं आणि बजावलं की यापुढे नमुना याच घरात राहील, शनिवारी सूत घेऊन यायचं, तेव्हाच बघायला मिळेल.

"आणि मधे शंका आली तर?"

"आली तर कातायचं."

किटली वाजली. लीबीनं सवयीनं कप अर्धा भरून हात थांबवला.

"भर," ऑस्ला म्हणाली. "मॅग्नीसारखा."

लीबीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काठोकाठ भरला. ऑस्लानं उजव्या हातानं कप उचलला. तो हलला. चहा बशीत सांडला, बशीतून टेबलावर आला. ती पीत राहिली. लीबीनं स्वेटर जरासा बाजूला सरकवला, सुई घेतली आणि बाही उसवून पुन्हा टाके घालायला लागली.