नाव घेऊन मागा

धायरीत आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एका फिटरकाकांचं वर्कशॉप होतं. मी आयटीतला, घरात काही सैल झालं की त्यांच्याकडे हत्यार मागायला जायचो. नुसतं बोट दाखवलं तर ते देत नसत.

"अहो, त्याला नाव आहे. नाव घेऊन मागा."

एकदा मी शहाणपणा केला. घमेलं हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि पेचकस फारसीतून, असं त्यांना ऐकवलं. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"आले असतील कुठूनही. आता इथेच नांदतात ना?"

पुढे कंपन्यांकडून येणारी कामं बंद झाली, वर्कशॉपची जागा पार्किंगला गेली. भंगारवाला काटा घेऊन आला. काका एकेक हत्यार नाव घेऊन त्याच्या हातात देत होते. "ही कानस. हा पेचकस."

"काका, काट्यावर सगळं लोखंडच," तो म्हणाला.

मग काका नावं न घेताच एकेक हत्यार काट्यावर टाकू लागले.

आठवण म्हणून मला एक हत्यार हवं होतं, पण इतकी वर्षं मागूनही त्याचं नावच आठवेना. मी बोट दाखवलं.

त्यांनी ते निमूटपणे उचलून माझ्या हातात ठेवलं.